देवाच्या वेलाखालचे भुंगेरे

धारगळ,
रविवार, २१ जून १९८७

काका,

तुम्हाला आणि काकींना नमस्कार. मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की तांबडे भुंगेरे मळ्यातल्या तुमच्या वाट्यातून बांध ओलांडून आमच्या तवशांवर, म्हणजे काकड्यांवर, येतात. हे मी पाहिलेलं नव्हतं. बाबा जेवायला बसले की रोज तेच म्हणतात, ते ऐकलं होतं, आणि लिहिताना पाहिल्यासारखं लिहून टाकलं.

तुमचं कार्ड मिळालं. त्यावर फक्त "पाहिलंस की ऐकलंस?" एवढंच होतं. आशीर्वादसुद्धा नव्हता. आईने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, रागावलाय. मला तसं वाटलं नाही. मी शाळेत जायच्या आधी तुम्ही ओसरीवर माझ्या पाटीच्या मधोमध रेघ मारायचात. एका बाजूला आज पाहिलेलं, दुसऱ्या बाजूला ऐकलेलं. "मांजराला पिल्लं झाली" हे मी पाहिलेल्यात लिहिलं, तेव्हा तुम्ही मला हात धरून माळ्यावर नेलंत आणि म्हणालात, आता लिही. रागावलेला माणूस मला तो प्रश्न विचारणार नाही असं मी धरून चालले आहे. चुकत असले तर सांगा.

तर मी पाहायला गेले. तुम्ही साखळीला राहायला गेल्यापासून तुमच्या वाट्यात कोणी पाय ठेवलेला नाही. बाबा ठेवत नाहीत आणि आम्हाला ठेवू देत नाहीत. म्हणून मी बांधावर बसून पाहिलं, पहाटे आणि दुपारी. पहाटे दव असताना भुंगेरे सुस्त असतात, पानाला हात लावला तरी उडत नाहीत. ऊन चढलं की भुर्रकन जातात, आणि खरंच तुमच्या वाट्याकडे जातात. गेल्या साली तुम्ही लावलेल्या भोपळ्यांचं बी तिथे आपोआप रुजलं आहे, वेल गुडघाभर झाले आहेत. त्यांची पानं चाळणीसारखी झालीत. हे पाहिलं आणि मला वाटलं, बाबा बरोबरच सांगतात.

पण येणंजाणं म्हणजे जन्म नव्हे. ते कुठून निघतात हे त्यावरून कसं कळणार? मग मला एक सुचलं. आईच्या दोन जुन्या रोवळ्या घेतल्या, तांदूळ धुवायच्या. त्यांना बाहेरून जुन्या पातळाचं कापड शिवलं आणि जमिनीवर उपड्या घातल्या, कडेने चिखल लिंपला. आतलं बाहेर जाणार नाही, बाहेरचं आत येणार नाही. एक आमच्या वाट्यात, मळा राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या दगडापाशी घातली. दुसरी तुमच्या बाजूला, बांधावरून हात लांब करून, भोपळ्याच्या वेलाखाली. पाय मी आत टाकला नाही. हात टाकला. हेही सांगून ठेवते.

काल उघडल्या. तुमच्या बाजूच्या रोवळीखाली मुंग्या होत्या आणि एक गोगलगाय. आमच्या रोवळीखाली भुंगेरे होते, नवे, तांबडे, चकचकीत, कापडाला आतून चिकटून बसलेले. मी रोवळी परत घातली. आज सकाळी पाहिलं तर आणखी निघाले होते.

म्हणजे ते आमच्या मातीतून निघतात, काका. जन्मतात आमच्यात आणि पोट भरतात दोन्हीकडे. गेल्या चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली उभे राहून बाबा तुम्हाला म्हणाले होते, "तुज्या भोपळ्यांनी देवाचां तवसां खाल्लां." ते खरं नव्हतं. निदान सगळं खरं नव्हतं.

हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिते आहे हेही त्यांना माहीत नाही. पत्रं मी म्हापशाला बाजारात जाते तेव्हा तिथल्या पेटीत टाकते.

एक वाईट बातमी आहे. बाबांनी यंदा घरच्या तवशाचं बी दोनदा पेरलं. दोन्ही वेळा कोवळी दोन पानं वर आली आणि भुंगेऱ्यांनी खाल्ली, नुसते देठ उरले. राख टाकली तर पावसाने धुतली. म्हापशाहून पावडर आणली, ती बाबांनी हाताला येईल तेवढी टाकली, तर उरलेली रोपं पिवळी पडून जळली. आता बी संपलं. आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं ते आखूड, पांढऱ्या रेघांचं तवसं, माटोळीच्या मधोमध बांधायचं, ते आता कुठेच नाही. यंदाही बाजारातलं बांधावं लागेल. आई म्हणते, देवाला काय कळतं. बाबा ताट पुढे सारतात.

शेवंती


धारगळ,
शुक्रवार, २६ जून

काका,

तुमचं दुसरं कार्ड आलं. या खेपेला आशीर्वाद आहे, वाचून आईने डोळे पुसले. तुम्ही विचारलंत, "तुमच्या बाजूची रोवळी नेमकी कुठे घातलीस, आणि तिथे आधी काय होतं?" मला वाटतं तुम्हाला उत्तर माहीत आहे आणि ते माझ्याकडून हवं आहे.

रोवळी घातली तिथे देवाचा वेल असतो. दर साली माटोळीचं तवसं ज्या वेलाचं, तो वेल. राखणदाराच्या दगडाला लागून त्याच जागी पेरायचा, त्याला सुरी लावायची नाही, उपटायचा नाही, आपोआप वाळून मातीत गेला पाहिजे. शेवटचं तवसं त्याच्यावरच पिकून पडू द्यायचं आणि त्यातलं बी धरायचं. मी लहान असताना त्या जागेला वळसा घालून जायचे, अजून जाते.

मी हाताने माती उकरली. वेलावर नाही, कडेला. वाळलेल्या मुळांत बारीक, पिवळट अळ्या होत्या. गेल्या साली बाजारातलं तवसं बांधलं तरी बाबांनी त्या जागी वेल लावलाच होता. त्याला एकच खुरटं फळ धरलं, ते मातीवर पडून सडलं, त्यातही अळ्या. मादी ओल्या मातीत, मुळाशी अंडी घालते, अळी मुळं खाते, मातीतच कोश करते आणि भुंगेरा होऊन वर येते. हे मी थोडं पाहिलेलं आहे आणि थोडं शेतकी खात्याच्या माणसाकडून ऐकलेलं. तो म्हापशाला दर शुक्रवारी येतो, आज त्याला विचारलं. त्याने हेही सांगितलं की वेलांना चार-पाच पानं आली की भुंगेऱ्याने कितीही खाल्लं तरी ते तगतात, मरायचं वय पहिल्या दोन पानांचं. आणि पीक निघालं की जमीन खोल उलथी करायची, म्हणजे अळ्या उघड्या पडतात आणि पाखरं वेचून खातात.

मग मला बैल आठवले. बैल होते तोवर दिवाळीनंतर तुम्ही नांगर धरायचात, अगदी दगडापर्यंत. वेल तोवर वाळलेला असायचा, म्हणून कोणी काही म्हणायचं नाही. मागे बगळ्यांची रांग असायची. बैल विकले त्या साली नांगर फिरला नाही आणि पुढच्याच पावसाळ्यात भुंगेरे आले. तुम्ही भोपळे लावलेत तेही त्याच पावसाळ्यात. बाबांना भोपळे दिसले. बैल नसलेले कसे दिसणार?

गावात मात्र सगळे म्हणतात की तुम्ही दोघे भाषेवरून वेगळे झालात. धाकटो कोंकणीचो, थोरलो मराठीचो. काल शेजारचे सगुणमामा ओसरीवर बसून बाबांना ऐकवत होते, "सदाशिवबाब, गोंयचां राज्य झालां, पूण तुमच्या भुंगेऱ्यांक अजून कोणी सांगूंक नाय. ते अजून दोनूय वाट्यांत फिरतत." बाबा हसले. काका, तुम्ही गेल्यापासून मी त्यांना त्या विषयावर पहिल्यांदा हसताना पाहिलं. हे पाहिलेलं आहे.

म्हणून त्याच संध्याकाळी मी धीर केला. त्यांना म्हटलं, जरा मळ्यात चला. रोवळी त्यांच्यासमोर उचलली. ते उकिडवे बसले, कापडावरचा एक भुंगेरा बोटावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ही रोवळी हंयच घातलेली? हालंवक नाय?" मी म्हटलं, नाही हलवली. दुसरी कुठे आहे ते दाखवलं. ते बांधापर्यंत गेले, वाकून बघितलं आणि परत आले. मला वाटलं आता म्हणतील, देवाच्या जागेत हात घातलास.

जेवताना म्हणाले, "तेका उगीच बोल्लंय." एवढंच. आईने भात वाढायचा थांबवला. मग आणखी भात मागून घेतला त्यांनी.

आता मागच्या पत्रातली दुसरी चूक. मी लिहिलं होतं, घरच्या तवशाचं बी संपलं. ते बाबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, परत ऐकलेलंच. जेवणानंतर ते उठले आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलेला तो वाळका दुधी खाली काढला, ज्यात बी राखेत घालून ठेवतात. त्यात दोन पुरचुंड्या होत्या. एक रिकामी, सुटलेली. दुसरी बांधलेली, गाठीवर काजळी धरलेली, म्हणजे वर्षभर कोणी हात लावलेला नाही. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "ता तेचां. तेच्या वाट्याचां. न्हेवंक इसारलो."

वाटण्या झाल्या तेव्हा बीसुद्धा वाटलं होतं म्हणे. मला माहीत नव्हतं. तुम्हाला आठवतं का? त्यांनी स्वतःचं बी दोनदा पेरलं, दोनदा गेलं, देवापुढे बाजारातलं तवसं बांधायची पाळी आली, पण तुमच्या गाठीला हात लावला नाही. मी म्हटलं, पेरूया ना, चवथीला अजून वेळ आहे. तर दुधी परत वर टांगला आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या बियाक विचारल्याशिवाय कसो हात लावतलंय?"

काका, ते तुम्हाला विचारणार नाहीत. म्हणून मी विचारते आहे. पेरू का?

शेवंती


धारगळ,
मंगळवार, ३० जून

काका,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. सगुणमामा उद्या साखळीला लेकीकडे जातात, त्यांच्या हाती देते. त्यांनी वाटेत उघडून वाचलं तर वाचू दे. तसंही त्यांना सगळं आधी कळतं.

तुमचा निरोप काल आला. तुमच्या खाणीच्या वजनकाट्यावरून कोणा ट्रकवाल्याबरोबर पाठवलात, तो हमरस्त्यावर थांबून सांगून गेला : "पेर म्हणून सांगितलंय. आणि नीट पेर." मी "नीट"चा अर्थ असा घेतला की यंदा घाई करायची नाही, आधी जागा साफ करायची. रात्री बाबांना सांगितलं. मला वाटलं विचारतील, तुला कसं कळवलं. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "पत्रां म्हापशासून कित्याक घालतस? धारगळची पेटी काय मोडली?" म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहिले आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती.

मग आम्ही दुधी उतरवला. गाठ बाबांनी सोडली. बी चांगलं आहे, एकही किडकं नाही. मी करवंट्या गोळा केल्या आहेत, तळाला भोक पाडून. त्यांत माती शेणखत भरून ओसरीवर ठेवणार, वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून. मळ्यात थेट पेरायचंच नाही. पहिली दोन पानं, जी ते खातात, ती घरातच येऊ द्यायची. चार-पाच पानं झाली की मग करवंटी हलकेच फोडून रोप मातीसकट लावायचं. अर्धं बी आता, अर्धं दुधीत परत. दोनदा पेरून दोनदा गेलं ते मी विसरलेले नाही.

पण रोपं लावायच्या आधी मळा साफ झाला पाहिजे, आणि तो दोन्हीकडे एकाच दिवशी. एक बाजू उपटली तर भुंगेरे दुसरीकडे जाऊन बसतील आणि परत येतील. तुमच्या बाजूचे रानटी भोपळे पहाटे उपटायचे, भुंगेरे सुस्त असतात तेव्हा, आणि ते झटकायचे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत. आमच्या बाजूला दगडाभोवतालची माती कुदळीने खोल उलथायची आणि आईच्या कोंबड्या सोडायच्या. पावसाची उघडीप असली तर बरं, नसली तरी करायचं.

आणि देवाचा वेल. गेल्या सालचा वाळका वेल, मुळासकट, त्या सडक्या फळाच्या सालीसकट, उपटून जाळायचा.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, इथे अडणार. अडलं, पण मला वाटलं तसं नाही. ते म्हणाले, वेलापेक्षा तवसं मोठं. आजोबांनी वेल राखायला सांगितला तो तवशासाठीच ना? पण पुढे म्हणाले, "गाऱ्हाणां घातल्याबगर तेका हात लावचो नाय. राखणदाराक सांगूंक होयां. मी घालतंय गाऱ्हाणां. पूण 'व्हय म्हाराजा' कोण म्हणतलो?"

काका, तुम्हाला माहीत आहे ते कसं असतं. बाबा दगडापुढे नारळ ठेवून उभे राहतात आणि सांगतात, आणि प्रत्येक मागण्यानंतर तुम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचात. घरचं दुसरं माणूस म्हणालं नाही तर ते गाऱ्हाणं नुसतं बोलणं होतं, ते राखणदाराला पोचत नाही. तुम्ही गेल्यापासून बाबांनी गाऱ्हाणं घातलेलं नाही. मी ते बघत होते आणि मला वाटायचं, त्यांचं मन लागत नाही. आता कळतं की एकट्याने ते घालताच येत नाही.

मी म्हटलं, सगुणमामांना बोलावू? तर म्हणाले, "तो घरचो नाय." मग म्हटलं, मी म्हणू? बाबा नाही म्हणाले नाहीत. आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "घरची नाय तर कोणाची ती?" त्यावर ते गप्पच. रागाचा गप्प की विचाराचा, ते मला ओळखता आलं नाही, म्हणून कुठलंच लिहीत नाही.

त्यांनी तुमच्या वाट्याला आलेली कुदळही काढून ठेवली आहे. तिचा दांडा हलत होता, तो बदलून नवा घातला. कोणासाठी ते बोलले नाहीत. आमच्याकडे आमची कुदळ आहे.

मी तुम्हाला या म्हणून लिहीत नाही. तुम्ही त्यांच्याकडून काय ऐकून गेलात ते मी ऐकलं आहे, माटोळीखाली, सगळ्या गावासमोर. "उगीच बोल्लंय" हे तुम्हाला त्यांच्या तोंडून ऐकायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे, माझ्या पत्रातून आलेलं ते ऐकलेलंच. पाहायचं असेल तर इथे यावं लागेल. एवढं मी लिहिते, अधिक नाही.

तुम्हाला रविवारी काट्यावर सुट्टी असते असं काकींनी मागे कधी सांगितलेलं आठवतं, म्हणून मी रविवार धरला. साखळीहून पहाटेची गाडी धरून म्हापशाला उतरलात तर तिथून पेडण्याची पहिली गाडी धारगळला थांबते. पण त्या गाडीने आलात तर भुंगेरे उडायला लागलेले असतील. आदल्या संध्याकाळी आलात तर तुमच्या खोलीची दारं आईने उघडून ठेवली आहेत, कोळ्याची जाळी काढली आहे. नाही आलात तर तुमच्या वाट्यात पाय ठेवायची परवानगी सगुणमामांजवळ सांगून पाठवा, ते शुक्रवारी परततात. फक्त "हो" म्हणालात तरी चालेल.

परवानगी मिळाली नाही तर मी बांधावरून हात लांब करून जेवढे वेल ओढता येतील तेवढे ओढीन. आणि तुम्ही आला नाहीत तर दगडापुढे बाबांच्या मागे मीच उभी राहीन, तुम्ही उभे राहायचात तिथे, आणि त्यांनी पहिलं मागणं सांगितलं की मीच म्हणेन. ते मला वळून बघतील की नाही, राखणदाराला माझा आवाज चालेल की नाही, हे आधीपासून लिहिता येत नाही. पाहिल्यावर लिहीन.

रविवार, ५ जुलै. पहाटे, दव असताना.

शेवंती